गॅस-ओव्हन उशिरा का पेटतो?

यंत्र बंद पडले म्हणजे त्यातील दोष तत्काळ ध्यानात येतो. परंतु यंत्र चालते, मात्र उशिरा चालते, तेव्हा दोषाकडे बहुधा दुर्लक्ष होते. पाव व केक भाजण्याचा गॅस-ओव्हन हे याचे बोधप्रद उदाहरण आहे. ओव्हन ही एक बंद पेटी असते. तीत गॅस शिरला आणि ज्योत वेळेवर लागली नाही, तर गॅस व हवा यांचे मिश्रण साचत जाते. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन होय. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असताना मिश्रण पेटले, तर त्याचा भडका उडतो. म्हणून विलंब हा केवळ खोळंबा नसून धोक्याची सूचनाही असू शकते.

ओव्हनची रचना

अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असते. तेथील अनेक गॅस-ओव्हनांत काडी ओढावी लागत नाही. बर्नरजवळ सिलिकॉन कार्बाइडची एक कांडी बसविलेली असते. तिला प्रज्वलक म्हणतात. हा पदार्थ एडवर्ड अ‍ॅचिसन यांनी १८९१ मध्ये अमेरिकेत तयार केला. धार लावण्याच्या कार्बोरंडम दगडाच्या रूपाने तो सर्वपरिचित आहे. बटण फिरविताच कांडीतून वीज वाहू लागते व कांडी तापून प्रखर लाल होते.

गॅसची वाट एका झडपेने बंद केलेली असते. या झडपेत दोन भिन्न धातू एकमेकांस जोडून केलेली एक पट्टी असते. उष्णतेने दोन्ही धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे पट्टी वाकते आणि झडप उघडते. पट्टीला तापविणारी तार व प्रज्वलक एकसरीत जोडलेले असतात. म्हणजेच दोहोंतून एकच प्रवाह वाहतो.

येथे सिलिकॉन कार्बाइडचा एक विशेष गुण उपयोगी पडतो. त्याचा विद्युत्‌रोध तापल्यावर कमी होतो, आणि प्रवाह वाढतो. चपट्या प्रज्वलकाच्या पद्धतीत सामान्यतः ३.२ ते ३.६ अँपिअर प्रवाह लागतो. प्रवाह तेथवर पोहोचला की झडप उघडते. गॅस पेटविण्याइतकी उष्णता कांडीत आल्यावाचून गॅसला वाट मिळू नये, अशी ही योजना आहे. कांडी मोडल्यास प्रवाह खंडित होऊन झडप बंदच राहते.

विलंबाचे कारण

वारंवार तापून निवल्याने कांडी जुनी होते व तिचा रोध वाढतो. समजा, मंडलाचा एकूण रोध ३५ ओहम होता. तेव्हा प्रवाह १२० भागिले ३५, म्हणजे सुमारे ३.४ अँपिअर होता. रोध ४३ ओहम झाल्यावर तो २.८ अँपिअर उरेल. प्रवाहातील घट पाचव्या हिश्श्याहूनही थोडी कमी. परंतु तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळजवळ एक-तृतीयांशाने घटते. पट्टी सावकाश वाकते, किंवा वाकतच नाही. कांडी मात्र लाल दिसत राहते, आणि पाहणाऱ्याची फसगत होते. पुष्कळदा निर्दोष झडप बदलली जाते, ती यामुळेच.

दोष कसा शोधावा

१. बटण फिरविल्यापासून ज्योत लागेपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजावा. सुस्थितीतील ओव्हन साधारणतः दीड मिनिटाच्या आत पेटतो.

२. कांडी मुळीच लाल होत नसेल, तर ती मोडली आहे, तार तुटली आहे किंवा वीजच पोहोचत नाही.

३. कांडी लाल होते, पण गॅस उशिरा येतो, अशा वेळी जाणकार कारागिराकडून प्रवाह मोजून घ्यावा. तो कमी भरल्यास कांडी बदलावी. पुरेसा असल्यास झडप तपासावी. झडपेला सरळ १२० व्होल्ट कधीही जोडू नयेत. ती केवळ काही व्होल्टांसाठी असते, त्यामुळे जळून जाते.

४. गॅसचा वास येऊन मागाहून ‘भप्’ असा आवाज होत असेल, तर कांडीजवळची बर्नरची छिद्रे बुजली आहेत काय, किंवा कांडी जागेवरून सरकली आहे काय, हे पाहावे. दुरुस्तीपर्यंत ओव्हन वापरू नये.

वास टिकून राहिल्यास गॅसचा कॉक बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि विजेचे कोणतेही बटण दाबू नये. गळती साबणाच्या पाण्याने शोधावी, काडीने कदापि नव्हे. भारतात सिलिंडरमधून मिळणारा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो; तेथे ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते.

सारांश, कांडीची लाली हा तिच्या सुस्थितीचा पुरावा नव्हे. डोळ्यांना दिसते त्यावर विसंबून न राहता मोजमाप करणे, हीच दोष शोधण्याची शास्त्रीय रीत होय.

प्रश्न

१. कांडी मोडल्यास गॅस का सुटत नाही?

२. प्रवाह निम्मा झाला, तर तारेतील उष्णता कितीपट होईल?