ठिबकणारी तोटी

गारगोटीस वेदगंगेचा शेजार लाभला आहे; त्यामुळेंच कीं काय, ठिबकणारी तोटी आम्हां कोणास फारशी खुपत नाहीं. परंतु सेकंदास एक थेंब गळाला, तरी अहोरात्रांत ८६,४०० थेंब, म्हणजे बरेंच पाणी वायां जातें. तोटी जोरानें आवळणें हा उपाय नव्हे. दांड्याच्या टोंकाशीं असलेली रबरी चकती, म्हणजेच वायसर, पितळी बैठकीवर दाबली गेली म्हणजे पाणी अडतें. झिजल्या चकतीवर बळ केल्यास बैठकच दुखावते. प्रथम टांकीकडील चावी बंद करून नळींतील पाणी जाऊं द्यावें. मग पान्ह्यानें तोटीचें डोकें उघडून त्याच मापाची चकती बसवावी. बैठकीस चरा पडला असेल, तर मात्र तोटीच बदलावी. तेथें काटकसर आम्हांस मान्य नाहीं. पाव वळशांत मिटणाऱ्या हल्लींच्या तोट्यांस हा उपाय लागू पडत नाहीं.