अढळ कोण आणि हट्टी कोण? : एक शब्दाभ्यास

शास्त्रभाग : निर्गम १७:८-१३; रूथ १:६-१८; १ करिंथ १५:५८



येथे बेंगळुरूत इंग्रजी उपासनेला गेले की एक शब्द हटकून कानी पडतो : 'कमिटमेंट'. आपल्या मराठी मंडळ्यांतही तो आता रुळला आहे. कोणी त्याला 'बांधिलकी' म्हणतो, कोणी 'समर्पण', तर कोणी 'निष्ठा'. भाषांतराचे काम करणाऱ्याला असा सर्वत्र चालणारा शब्द थोडा अवघड वाटतो. (इंग्रजीत 'कमिट' हे क्रियापद पाप करण्यालाही लागते आणि तुरुंगात धाडण्यालाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे.)

१६११ सालच्या इंग्रजी शास्त्रात याच अर्थाच्या जवळचा एक जुना शब्द आहे : 'स्टेडफास्ट'. 'स्टेड' म्हणजे जागा आणि 'फास्ट' म्हणजे घट्ट बसलेला. आज 'फास्ट' म्हटले की धावणारी गाडी डोळ्यांपुढे येते. परंतु कापडाचा रंग 'फास्ट' आहे असे दुकानदार म्हणतो, तेव्हा तोच जुना अर्थ बोलत असतो. या एका इंग्रजी शब्दाखाली मूळ ग्रीकमधील निरनिराळे शब्द झाकले गेले आहेत. १ करिंथ १५:५८ मध्ये जो आहे त्याच्या मुळाशी बैठक आहे : जो पक्का बसला आहे तो. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये एखाद्या गोष्टीला नेटाने लागून राहणे आहे. इब्री ३:१४ मधील शब्द चालण्याच्या क्रियापदापासून आला आहे : पाऊल टाकले तरी जे खचत नाही ते. बसणे, लागून राहणे, पायाखाली न खचणे; मराठीत या तिन्हींसाठी 'स्थिर' हा एकच शब्द वापरला, तर वाचकाच्या हाती पुष्कळ कमी लागते.

शब्दाचा अर्थ पारखण्याचा एक सोपा उपाय म्हणजे त्याचा विरुद्धार्थी शब्द विचारणे. 'अढळ' याच्या उलट काय? चंचल, डळमळीत, धरसोड करणारा, तळ्यात-मळ्यात करणारा, असे शब्द लगेच सुचतात. याकोबाने १:८ मध्ये वापरलेल्या ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ 'दोन जिवांचा' असा होतो. कर्मेल डोंगरावर एलीया लोकांना विचारतो त्या प्रश्नात (१ राजे १८:२१) लंगडण्याचे क्रियापद आहे, आणि पाच वचनांनंतर बआलाचे संदेष्टे वेदीभोवती नाचतात तिथेही तेच येते. एलीयाचा टोला मूळ भाषेत अधिक झोंबतो.

परंतु खरी अडचण विरुद्धार्थी शब्दांची नाही, समानार्थी दिसणाऱ्या शब्दांची आहे. इंग्रजीत 'स्टेडफास्ट' आणि 'ऑब्स्टिनेट' या दोघांचीही गणना न हलणाऱ्यांत होते. यहोशवाला देव बळकट होण्यास व हिंमत धरण्यास सांगतो (यहोशवा १:६). तेथील पहिले इब्री क्रियापद निर्गमात फारोचे मन कठीण होण्यासाठी वापरले आहे (४:२१), आणि दुसरे अनुवाद २:३० मध्ये सीहोन राजाच्या हट्टी मनासाठी. शब्द तेच, एक पुरुष देवाच्या वचनाला धरून आहे, तर दोन राजे स्वतःच्या म्हणण्याला. उलट अब्राहाम आयुष्यभर तंबू हलवीत राहिला, तरी त्याला चंचल कोण म्हणेल?

आपल्याच इतिहासात याचे उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांनी आपल्या लोकांची निष्ठा सोडली असा बोल त्यांना स्वदेशात लागला. त्याच सुमारास वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला (तो १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला), त्यात दुसऱ्या बाजूची तक्रार दिसते : ही स्त्री अधिकाऱ्यांचे निमूट ऐकत नाही, आपल्याच विचाराने चालते. एकीकडून धरसोडीचा आरोप, दुसरीकडून हट्टाचा! माझ्या मते दोन्ही बाजूंनी शब्द चुकीचा निवडला. पुढे केडगावी बाईंनी इब्री व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा निवर्तली, तरी काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये बाई प्रभूकडे गेल्या. छपाईचे काम मुक्तीतल्या मुलींनी व स्त्रियांनी आपल्या हातांनी केले.

हातांवरून निर्गम १७:१२ आठवते. अमालेकाशी लढाई चालू असता मोशेचे हात थकतात. अहरोन आणि हूर ते दोन्ही बाजूंनी धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहतात. येथे 'स्थिर' यासाठी इब्रीत 'एमूना' हा शब्द आहे. इतरत्र त्याचेच भाषांतर आपण 'विश्वासूपणा' असे करतो. 'आमेन' याच धातूपासून आला. आणि अरबीत याच्या भावंड धातूपासून झालेला 'इमान' हा शब्द फारसीमार्गे मराठीत येऊन इतका घरचा झाला, की खेड्यातला माणूस बैलालाही इमानी म्हणतो. त्याचा विरुद्धार्थी शब्द 'हलणारा' असा नाही. तो 'बेइमान' आहे. मोशेचे हात स्वतःच्या बळावर स्थिर नव्हते, ही गोष्ट 'कमिटमेंट'वर बोलताना क्वचितच सांगितली जाते.

आता पुढील पाठासाठी रूथ १:६-१८ हा भाग दोनदा वाचा. वहीच्या एका पानावर जाण्याची क्रियापदे लिहा, दुसऱ्यावर राहण्याची. चौदाव्या वचनात अर्पा सासूचे चुंबन घेऊन निरोप घेते आणि रूथ तिला बिलगून राहते. तेथील इब्री क्रियापद उत्पत्ती २:२४ मध्ये पतिपत्नीसाठी आले आहे. अर्पाला शास्त्र एकही वाईट शब्द लावीत नाही, हेही पाहा. मग विचार करा : बिलगून राहण्याच्या उलट कोणता शब्द आपण लिहू, आणि तो अर्पाला लावू का?