जॅनेट राउली यांची यादी कशी वाचावी?

बालमित्रांनो, यावेळचा पाठ कवितेचा नाही आणि गोष्टीचाही नाही. तो एका यादीचा आहे. संशोधक आपले काम निबंध लिहून प्रसिद्ध करतात. काय पाहिले, कसे पाहिले आणि त्यावरून काय ठरते, एवढेच त्यात असते. म्हणजे दुसऱ्या कुणालाही ते पडताळून पाहता येते. अशा निबंधांची यादी हे संशोधकाचे प्रगतिपुस्तकच. आम्ही संगणकवाले, डॉक्टर नव्हे. पण यादी वाचायला डॉक्टर असावे लागत नाही.

आधी दोन शब्द शिकू. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. यात हाडांतील मज्जेत बिघडलेल्या पेशी बेसुमार वाढतात. लिम्फोमा हा लसिका पेशींचा कर्करोग. यात बहुधा मान, काख किंवा जांघेतील गाठी सुजतात. आपल्या घरांत हे शब्द अजून दबक्या आवाजात बोलले जातात. तुम्ही मात्र मोठ्याने उच्चारा. हे रोग सर्दीसारखे एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत.

जॅनेट राउली यांचा जन्म १९२५ चा. शिकागो विद्यापीठातून १९४८ साली त्या डॉक्टर झाल्या. चार मुलगे लहान होते, म्हणून त्यांनी कित्येक वर्षे आठवड्यातून काही दिवसच नोकरी केली. पुढे ऑक्सफर्डला गुणसूत्रांचा अभ्यास शिकून त्या शिकागोला परतल्या.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांना एका प्रकारच्या ल्युकेमियात एक विचित्र, आखूड गुणसूत्र दिसले. तुकडा तुटून हरवला असावा, असा समज झाला. १९७० च्या सुमारास नव्या रंगद्रव्यांमुळे गुणसूत्रांवरचे पट्टे दिसू लागले. राउलीबाई फोटो घरी आणत, गुणसूत्रे कात्रीने कापत आणि जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत. आई कागदी बाहुल्या खेळते, अशी मुले थट्टा करीत! त्या टेबलावर कोडे सुटले. २२ क्रमांकाचे गुणसूत्र आखूड होते, तर ९ क्रमांकाचे जवळजवळ तेवढेच लांब झाले होते. तुकडा हरवला नव्हता. तो दुसरीकडे चिकटला होता.

आता यादीतल्या चार नोंदी पाहा:

१९७३ – तीव्र ल्युकेमियात ८ व २१ ची अदलाबदल.
१९७३ – ९ व २२ चा शोध, 'नेचर' या नियतकालिकात.
१९७७ – दुसऱ्या एका तीव्र ल्युकेमियात १५ व १७.
१९७९ – लिम्फोमात १४ व १८.

यादी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. नावे कुणाची? 'नेचर'मधल्या निबंधावर एकट्या राउलींचे नाव आहे. १९७९ च्या निबंधावर फुकुहारा यांचे नाव पहिले आणि राउली सहकाऱ्यांत. वय किती? १९७३ च्या जूनमध्ये त्या ४८ वर्षांच्या होत्या. आणि तिसरा प्रश्न, पुढे काय झाले? १९८० नंतर इतरांनी दाखवले की ९ आणि २२ च्या सांध्यावर दोन जनुके जोडली जातात आणि 'वाढ, वाढ' असा हुकूम थांबतच नाही. आमच्या भाषेत, थांबण्याची अट नसलेला प्रोग्रॅम! तो हुकूम रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पूर्वी जीवघेण्या ठरणाऱ्या या आजाराचे अनेक रुग्ण आता रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षे जगतात.

पालकांनो, आपण मुलांचे गुण मोजतो, तसे लोक निबंधांची संख्या मोजतात. पण १९६० चे ते पहिले लेखन एक छोटेसे टिपण होते. त्यावर राउलींनी पायरी बांधली, राउलींच्या पायरीवर औषध शोधणारे चढले. राउली २०१३ साली वारल्या. पायरी तशीच आहे.

शब्दार्थ: गुणसूत्र – क्रोमोसोम, जनुक – जीन, पेशी – सेल, नियतकालिक – ठरावीक काळाने निघणारे मासिक, साप्ताहिक इत्यादी.

स्वाध्याय:
१. 'तुकडा हरवला नव्हता' हे राउलींना कशावरून कळले?
२. घरातल्या मोठ्यांना विचारा : तुमच्या कामात तुम्ही कुणाच्या पायरीवर उभे आहात? उत्तर मराठीत पाच ओळींत लिहून पुढच्या वर्गाला आणा.