दोन न्यूकॅसल, एक कॅमेरा

प्रश्न : डिसेंबरात मुलीकडे इंग्लंडच्या न्यूकॅसलला आणि तिथून ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला जाणार आहे. पूल, रेल्वे, वाळूच्या टेकड्या टिपायच्या आहेत. काय सांभाळू?

उत्तर : आधी सूर्य सांभाळा. इंग्लंडमध्ये डिसेंबरात तो दिवसभर दक्षिणेला खालीच रेंगाळतो आणि पावणेचारच्या सुमारास मावळतो. म्हणून टाइन नदीच्या दक्षिण काठावर, गेट्सहेडच्या बाजूला उभे राहा; उजेड पाठीशी राहील. वर रेल्वे, खाली रस्ता असा १८४९ चा हाय लेव्हल पूल तिथूनच घ्या. गाड्यांसाठी मात्र नदीपलीकडे न्यूकॅसलच्या किल्ल्याच्या गच्चीवर चढा. रूळ त्याला अगदी खेटून जातात. १९२८ च्या टाइन पुलाची मोठी दुरुस्ती काढली आहे. परांची दिसली तर हिरमुसू नका, तीही चौकटीत घ्या. मला तर ती आवडते.

ऑस्ट्रेलियात तेव्हा भर उन्हाळा. न्यूकॅसलजवळच्या स्टॉक्टनच्या वाळूच्या टेकड्या तीसेक किलोमीटर पसरल्या आहेत, पण दुपारी डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट, पांढरंफटक दिसतं. पहाटेच निघा, तिरप्या उन्हात वाळूवरच्या लाटा उठून दिसतात. चकाकत्या वाळूमुळे कॅमेरा फसतो आणि फोटो काळवंडतो, तेव्हा एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवा. आणि वाऱ्यात लेन्स बदलू नका.