गाडी खडखडते? आधी क्लच दाबून बघा

ताईंनो, गटाच्या कर्जातून टेम्पो घेतला की त्याच्या आवाजाकडेही कान ठेवावा लागतो. तासगावचा बेदाणा असो की सांगली मार्केट यार्डात जाणारी हळद, गाडी चार दिवस उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून "गिअरबॉक्स खोलावा लागेल" याला हो म्हणण्याआधी एवढं करून बघा.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. क्लचवर पाय नको. खडखड येतेय? आता क्लच पूर्ण दाबा. आवाज थांबला तर दुखणं बहुतेक गिअरबॉक्सात आहे: ऑइल कमी झालंय किंवा आतलं बेअरिंग झिजलंय. आधी ऑइल बघायला सांगा, ते स्वस्तातलं काम. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर संशय रिलीज बेअरिंगवर. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण खोलावा लागत नाही. मजुरी ठरवताना हा फरक विसरू नका.

क्लचने काहीच फरक पडला नाही तर सायलेन्सरचा पत्रा ढिला आहे का बघा. सीटखालचा जॅकसुद्धा बघा. हसू नका, तोही खडखडतो.

खंबाटकी घाट चढताना वरच्या गिअरला गाडी धापा टाकत खडखडली, तर खालचा गिअर टाका. तेवढ्याने थांबलं तर लगेच खर्च काढू नका. एकाच गिअरला आवाज येत असेल, तर मात्र कोणता गिअर ते वहीत लिहून मेकॅनिकला दाखवा.