बिलावर लिहून घ्या

लाल-हिरवा अमोनाइट, म्हणजे प्राचीन शंखाचा जीवाश्म, घेताना मी विक्रेत्याला स्पष्ट विचारलं होतं, "वर काही रंग, लेप?" तो म्हणाला, "काका, शंभर टक्के नॅचरल. कॅनडाचा पीस आहे." माझी बायको शेजारीच उभी होती. म्हणून आता जो तो "घेताना बघायला नको का?" म्हणतो, त्याची चीड येते. बघितलं होतं, विचारलंही होतं. तो खोटं बोलला.

पंतनगरच्या आमच्या घरात कच्छचे राखाडी अमोनाइट आहेत, मादागास्करचा चमकणारा आहे, देव्हाऱ्यात आजीचा शाळिग्राम आहे. हा लाल-हिरवा त्यांच्यात बसवला. एका रात्री कपाटाची काच पुसताना हातात टॉर्च होता. मादागास्करचा कलता केला की हिरव्याचा तांबडा होत होता. नवा कसाही फिरवा, लाल तो लालच. भिंगाखाली लेपात अडकलेले हवेचे बुडबुडे दिसले, आणि कडेला नख लावताच वरचा पापुद्रा सुटून आला. खाली साधा तपकिरी दगड. मी बराच वेळ तसाच उभा होतो.

अस्सल शंखात रंगद्रव्य नसतं. अ‍ॅरागोनाइटच्या अतिपातळ थरांमधून परतणारा प्रकाश ते रंग दाखवतो, म्हणून कोन बदलला की रंग बदलायलाच हवा. दुकानातच फिरवून बघा.

विक्रेत्याला जाब विचारला तर तो आधी म्हणाला, ऊन लागलं असेल. मग म्हणाला, तुमच्या लाइटने झालं. मग फोन उचलेनासा झाला. बिलावर लिहिलं होतं, "शोभेचा दगड".

कॅनडातल्या अल्बर्टाच्या खऱ्या अमोलाइटवरही, म्हणजे अशा रंगीत चमकणाऱ्या अमोनाइटच्या शंखावरही, पुष्कळदा पारदर्शक थर देतात, कारण त्याचे पापुद्रे सहज सुटतात. त्यात गैर काही नाही, लपवणं गैर. म्हणून ठिकाण, नैसर्गिक की रंगवलेला, लेप आहे की नाही, हे सगळं बिलावर लिहून घ्या. "सह्याद्रीत सापडला" म्हणणाऱ्याकडून तर घेऊच नका. आपला काळा कातळ लाव्हाचा, त्यात अमोनाइट मिळत नाहीत.

चांगला मिळालाच तर लिंबू, व्हिनेगर लावू नका, शंख आम्लात विरघळतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका, दिवा एलईडीचा लावा. घाईने घेऊ नका, चार ठिकाणी विचारा.

मी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली आहे. असाच रंगवलेला दगड ज्यांच्या गळ्यात मारला गेला असेल, त्यांनी गप्प न बसता तक्रार नोंदवावी.