मिरचीचा तिखटपणा : ओळख, उपयोग आणि व्यवहार

मालाची पारख हे व्यापाऱ्याचे निम्मे भांडवल होय. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत उन्हाळा लागला की घरोघरी वर्षाच्या चटणीची तयारी सुरू होते. मिरची विकणारे बागवान व अत्तार बंधू, डंक चालविणारे कारागीर आणि कांदा-लसूण मसाला करून विकणाऱ्या आपल्या भगिनी, या सर्वांची रोजी त्या दिवसांत मिरचीवर असते. म्हणून मिरचीत तिखट असते ते काय, हे नीट समजून घेणे फायद्याचे आहे.

त्या द्रव्याचे नाव कॅप्सेसिन. इंग्लंडच्या जॉन थ्रेश यांनी १८७६ साली त्याला हे नाव दिले. मिरचीच्या आतील पांढऱ्या शिरेत ते तयार होते. बिया तिखट लागतात त्या शिरेला चिकटून असल्यामुळे. महत्त्वाची गोष्ट अशी की, या द्रव्याला रंग नाही. मिरचीची लाली वेगळ्या द्रव्यांची असते. म्हणूनच ब्याडगी गडद लाल असून कमी तिखट, तर लवंगी लहान असून जहाल.

म्हणजे रंग आणि तिखटपणा हे दोन वेगळे माल झाले. गिऱ्हाईकाला काय हवे ते आधी विचारावे. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी गुंटूर किंवा लवंगी, असे प्रमाण ठरवून वहीत लिहून ठेवावे. मग प्रत्येक घाण्याची चव सारखी येते आणि गिऱ्हाईक टिकते.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. देठ खुडणाऱ्या बायांच्या हातांची आग नुसत्या पाण्याने जात नाही ती यामुळेच. आधी हाताला तेल चोळून पुसून घ्यावे, नंतर साबणाने धुवावे. डंकावर काम करणाऱ्याला नाका-तोंडासाठी फडके व डोळ्यांसाठी चष्मा मालकाने द्यावा. मजुराची तब्येत ही मालकाकडे अमानत आहे.

मसाल्याबाहेरही या द्रव्याचे उपयोग आहेत.

औषध : नसांची जी टोके चटका ओळखतात, त्यांनाच कॅप्सेसिन डिवचते, हे अमेरिकेचे डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली दाखविले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. वारंवार लावल्यास ती टोके थकतात व वेदना कमी जाणवते. म्हणून सांधेदुखीवर मलम आणि नागिणीनंतर उरणाऱ्या दुखण्यावर पट्टी निघाली आहे. घरी मिरचीचा लेप मात्र करू नये, कातडी पोळते. डॉक्टरांनाच विचारावे.

बचाव : स्वसंरक्षणाच्या फवाऱ्यात हेच द्रव्य असते.

शेती : किडीसाठी लसूण-मिरचीचा अर्क आपल्याकडे फवारतात. आफ्रिकेत हत्ती शेतात शिरू नयेत म्हणून मिरची व वापरलेले तेल माखलेले दोर बांधतात. पक्ष्यांना तिखट लागत नाही, उंदीर-खारींना लागते.

कारखाना : द्रावक वापरून मिरचीचा अर्क, म्हणजे ओलिओरेझिन, काढतात. केरळात असे मोठे कारखाने आहेत. आखाती देशांशी तिजारत करणाऱ्याने कोणता द्रावक वापरला हे कारखान्याकडून लेखी घ्यावे, कारण हलालचा दाखला मागितला जातो.

आता सर्वांत नाजूक बाब. लाली वाढविण्यासाठी पुडीत रंग घालण्याचा मोह काहींना होतो. भारतातून गेलेल्या मिरची पुडीत २००३ साली युरोपात सुदान हा रंग सापडला आणि साऱ्या देशाच्या मालावर संशय आला. हा रंग मेण आणि बूटपॉलिशसाठीचा, पोटासाठी नव्हे. ग्लासभर पाण्यावर चिमूटभर पूड टाकली तर पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या रेषा खाली उतरताना दिसतात. पण सुदान तेलात विरघळणारा असल्याने या परीक्षेत पकडला जात नाही. कापडाच्या धंद्यात रंगांशी रोजचा संबंध येतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. आयती पूड घेणाऱ्याने प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. शक्य असेल त्याने अख्खी मिरची घेऊन डोळ्यांसमोर कांडून घ्यावी.

वजनमापात कमी देणाऱ्यांना कुरआन शरीफने सक्त ताकीद दिली आहे. रंग घालून हलका माल भारी म्हणून देणे त्याच जातीचे. रंग कमी पडला तर ब्याडगी वाढवावी, खर्च थोडा चढेल. तो भावात उघड सांगून घ्यावा. बरकत त्यातच आहे.